हौसेची होडी

आमच्या पिढीपर्यंत शिकल्यासवरलेल्या मराठी घरांचा पाण्याशी संबंध येई तो स्नानसंध्येपुरता, आणि फार झाले तर पाठीस वाळका भोपळा बांधून गावच्या विहिरीत हातपाय मारण्यापुरता. होडी ही वस्तू कोळ्याची, भोयाची, ढिवराची. आपण तीत पाऊल टाकावयाचे ते उतारू म्हणून, आणि पैलतीर आला की देवाचे नाव घेऊन उतरावयाचे. तो काळ आता पालटला आहे. नागपूर-पुण्याकडे नोकरीस असलेले आमचे तरुण सुटीत घरी येतात ते पाठीवरच्या पिशवीत घडी घातलेली रबराची होडी, चाक लावलेला गळ आणि बॅटरीवर चालणारे चिमुकले इंजिन घेऊन. मासा धरून खावा की न खावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. गळास लागलेला मासा क्षणभर न्याहाळून पुन्हा पाण्यात सोडून देणारे शौकीनही आता पुष्कळ झाले आहेत. त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मुलगा पहाटे होडी घेऊन तलावावर निघाला, तर घरच्या वडील मंडळींनी त्यास काय विचारावे, आणि त्याचे कोणते उत्तर ऐकल्यावर निश्चिंत व्हावे?

ह्या प्रश्नाचे दोन सोपे जबाब घरोघरी ऐकू येतात. एक आईचा, की “पाण्याकडे फिरकायचे नाही.” दुसरा मुलाचा, की “मला पोहता येते.” आमच्या मते हे दोन्ही जबाब अपुरे आहेत. मनाई केल्याने हौस मरत नाही, ती चोरून होऊ लागते. आणि चोरून केलेल्या गोष्टीत सावधगिरीला जागा राहत नाही. पोहण्याविषयी म्हणाल, तर अंगात पँट-शर्ट, पायांत बूट आणि पाण्याखाली कमळाच्या देठांचे जाळे अशा स्थितीत पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. तेव्हा ह्या विषयाचा विचार नीट बसून, घरातील सर्वांनी मिळून केला पाहिजे.

तलावांचा प्रदेश

गोंदिया शहराहून बालाघाटकडे जाणाऱ्या वाटेवर नागरा हे गाव आहे. तेथील प्राचीन शिवालयामुळे पंचक्रोशीत त्याचे नाव सर्वांस ठाऊक असून महाशिवरात्रीस तेथे भाविकांची मोठी दाटी होते. ह्या गावाभोवतीचा सारा मुलूखच पाण्याचा. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या काळातील लहानमोठे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. भातशेतीसाठी कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी व इतरांनी हे तलाव बांधिले. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधिला अशी परंपरा सांगते. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला आणि हे तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि थोडक्यात ‘मामा तलाव’, म्हणू लागले. ह्यांखेरीज इटियाडोहासारखी धरणे आहेत, वैनगंगा आणि बाघ ह्या नद्या आहेत, आणि प्रत्येक गावाच्या शेजारी एखादी तरी बोडी आहे.

ह्या पाण्यावर ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अधिकार आहे ते ढिवर बांधव. त्यांचा डोंगा पाहिलात तर तो अरुंद, लांबट आणि उथळ असतो. एक माणूस तो बांबूने रेटतो व दुसरा जाळे सोडतो. शिंगाड्याच्या वेलांतून आणि कमळाच्या पानांतून वाट काढावयास असेच वाहन हवे. परंतु वाचकांनी हे ध्यानी घ्यावे, की डोंगा हे कामाचे हत्यार आहे, बैठकीची खोली नव्हे. ज्याचा जन्म त्याच्यावर गेला त्याच्या पायाला त्याचा तोल कळतो. आपल्या पायाला तो कळत नाही. नागऱ्याकडील एका वृद्ध ढिवरास आम्ही एकदा विचारले, “बाबा, तलावात उतरावयाचे की नाही हे तुम्ही कशावरून ठरविता?” तो हसून म्हणाला, “पाणी पाहून नाही गुरुजी, वारा पाहून उतरा लागते. पाणी त रोजच शांत दिसते.” ह्या एका वाक्यात पुस्तकभर विद्या आहे असे आम्हांस वाटते.

झालेल्या अपघातांवरून

आपल्याच महाराष्ट्रातील अलीकडच्या काही दुर्घटना येथे आठवल्या पाहिजेत. जखमेवरची खपली काढावी हा आमचा हेतू नाही. त्यांतून शिकावे एवढाच आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मच्छीमारांच्या होडीतून फिरावयास निघालेल्या तरुणांची होडी उलटली व त्यांच्यापैकी बहुतेकांचा अंत झाला. उलटण्यापूर्वी होडीत फोनवर टिपलेली त्यांची हसरी चित्रे पुढे घराघरांत पाहिली गेली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत एका होडीतील ११ माणसे बुडाली. ही सारी एकाच गोतावळ्यातील. घरच्या माणसाच्या दशक्रियेसाठी जमलेली मंडळी विधी आटोपल्यावर होडीतून निघाली होती. एका मृत्यूच्या दुःखासाठी जमलेल्या घरावर असा घाला पडावा, ह्याहून दारुण ते काय! २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात गणपूर येथे मिरची तोडणीच्या मजुरीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या स्त्रियांचा डोंगा उलटला आणि ६ जणी गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी अचानक सुटलेल्या वाऱ्यात सापडली. तेथेही ६ जीव गेले.

ह्या चार प्रसंगांत माणसे निराळी, पाणी निराळे, ऋतू निराळा. पण वाहन प्रत्येक वेळी लहानच होते. अमेरिकेत हौसेच्या नौकांवरील अपघातांची नोंद वर्षानुवर्षे काटेकोरपणे ठेविली जाते. तीत असे दिसते, की मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक बुडून मरतात, आणि बुडालेल्या दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसते. बहुतेक अपघात मोठ्या जहाजांवर होत नाहीत; ते लहान होड्यांवर, परिचित पाण्यात आणि किनाऱ्यापासून फार दूर नसताना होतात.

तोलाचे शास्त्र

होडी उलटते का, हे समजावयास मोठ्या गणिताची गरज नाही. समजा, एक होडी १२ फूट लांब व ४ फूट रुंद आहे. नाळेकडे ती निमुळती असल्यामुळे पाण्यावर टेकलेले तिचे क्षेत्र सुमारे ३ चौरस मीटर भरते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. ह्यावरून ७५ किलो वजनाचा एक माणूस आत बसला की होडी सुमारे अडीच सेंटिमीटर खाली जाते. चार माणसे आणि शंभर किलो सामान चढले म्हणजे ती तेरा सेंटिमीटरांहून अधिक बुडते. होडीचा काठ आणि पाणी ह्यांमधील ही मोकळी उंची हीच आपल्या आयुष्याची दोरी. प्रत्येक पाहुण्यासरशी ती आखूड होत जाते, आणि लाट मात्र आपली उंची कमी करीत नाही.

दुसरी गोष्ट आत शिरलेल्या पाण्याची. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. वरील होडीच्या तळाशी एक सेंटिमीटर पाणी साचले तर ते सुमारे ३० किलोंचे ओझे होते. हे ओझे माणसासारखे एका जागी बसत नाही. होडी डावीकडे कलली की सारे पाणी डावीकडे धावते व कल वाढविते. कल वाढला की काठावरून आणखी पाणी आत येते. म्हणून तळाचे पाणी दिसताच उपसले पाहिजे.

तिसरी गोष्ट उभे राहण्याची. मनुष्य बसलेला असता त्याचा भार तळाशी असतो. तो उभा राहिला की तोच भार दीड-दोन हात वर जातो आणि जरासा झोकही मोठा होतो. त्यातून मासा गळास लागला, किंवा कोणी चित्र काढावयास हाक मारली, की सारेच एका बाजूस सरकतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, तेव्हाही वादळी लाटेबरोबर उतारूंचे एका बाजूस धावणे नडले असे सांगतात. एवढ्या मोठ्या बोटीची ही कथा, तर बारा फुटी होडीची काय अवस्था होईल?

किती माणसे बसवावी ह्याचा एक ढोबळ हिशेब आहे. होडीची लांबी व रुंदी फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास १५ ने भागावे. १२ गुणिले ४ म्हणजे ४८. १५ ने भागता तीन आणि वर थोडे. म्हणजे माणसे तीनच, साडेतीन नव्हेत आणि चार तर नव्हेतच. हा हिशेब वीस फुटांखालच्या साध्या होडीस व शांत पाण्यास लागू आहे. अरुंद डोंग्यास तो लावू नये. कारखान्याने होडीवर भारमर्यादेची पट्टी लाविली असेल तर तीच प्रमाण मानावी.

निघण्यापूर्वी

आमच्या घरांत प्रवासास निघताना शिदोरी, पाण्याचा तांब्या, किल्ल्या असे सारे मोजून घेण्याची रीत आहे. तीच रीत होडीस लावावी. सर्वांत आधी अंगात लाइफ जॅकेट. होडीत ठेवलेले नव्हे, अंगात घातलेले. कारण होडी उलटते ती पूर्वसूचना देऊन नव्हे. पाण्यात असलेल्या प्रौढ माणसाचे डोके वर राहावयास अवघा तीन ते पाच किलोंचा उचल पुरतो, आणि चांगले जॅकेट ह्याहून अधिक उचल देते. पूर्वी अशा जॅकिटांत आपल्या सावरीच्या कापसाच्याच जातीचा कापूस भरीत. आता हलका फोम भरतात. जॅकेट अंगास घट्ट बसले की नाही हे पाहावयाचे असल्यास दुसऱ्याने ते खांद्यांशी धरून वर ओढावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे असे समजावे. मुलास मोठ्याचे जॅकेट घालणे म्हणजे न घातल्यासारखेच. दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी प्रत्येक जॅकेट छातीइतक्या पाण्यात घालून पारखावे. पट्टे कुजलेले, शिवण उसवलेली वा फोम चेपलेला आढळल्यास त्याची माया न धरता ते टाकून द्यावे.

त्यानंतर पुढील वस्तू मोजाव्या. पाणी उपसावयाचा डबा, दोरीने होडीस बांधलेला, जादा वल्हे, पंचवीस-तीस हात मजबूत दोर, नांगर, शिटी, विजेरी, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत फोन, आणि पाण्यातील वेल कापावयास म्यानातला सुरा. तळाचे बूच बसविले आहे ना हे स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहावे. बूच घरी विसरून होडी पाण्यात लोटणारे शहाणे लोक सर्व देशांत सापडतात. स्त्रियांनी पाचवारी साडी नेसून लहान होडीत बसू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. भिजलेला पदर व निऱ्या पायांभोवती गुंडाळल्या की हालचाल अशक्य होते. तेथे सुटसुटीत वेषच योग्य, आणि त्यात संकोच मानण्याचे काहीच कारण नाही.

शेवटची, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरच्यांच्या हाती आहे. कोणत्या तलावावर जाणार, कोठून उतरणार, सोबत कोण, आणि किती वाजता परतणार, हे एका कागदावर लिहून घरी ठेवावे. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहून घरच्यांनी फोन करावा, आणि तो न लागल्यास त्या गावच्या लोकांस व ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. हे करताना “उगाच कशाला बोभाटा” असे मनात आणू नये.

पाण्यावर

होडीत चढताना एका हाताने काठ धरून, कंबरेत वाकून, मध्यभागी पाऊल ठेवावे. सामान आधी, माणसे मागून. जड वस्तू तळाशी व मध्यात. जागा बदलावयाची असल्यास एका वेळी एकानेच, वाकून. गळ टाकणाराने बसूनच टाकावा, आणि टाकण्यापूर्वी मागे पाहावे. आकड्याने शेजाऱ्याचा कान वा डोळा दुखावणे ही नवख्यांची नेहमीची भेट आहे.

नांगर टाकावयाचा तो नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढल्या टोकाकडून. पिछाडीकडून कधीही नव्हे. पिछाडी ठेंगणी असते व इंजिनाचे ओझे तीवरच असते. तेथे नांगर बांधिला तर वारा वा प्रवाह होडीस मागे ओढतो, आणि एकाच लाटेत ती भरते. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडावा. आखूड दोराचा नांगर धरत नाही. वाहत्या नदीत नांगर अडकला तर ओढाताण न करता दोर कापून द्यावा. नांगर बाजारात मिळतो, मुलगा मिळत नाही.

पेट्रोलच्या इंजिनाविषयी दोन गोष्टी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते व एका ठिणगीने भडकते. म्हणून टाकी काठावर उतरवून, विडी-सिगारेट दूर ठेवून भरावी, सांडलेले पुसून घ्यावे, आणि वास गेल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. दुसरे, इंजिनाबरोबर एक गुंडाळीची दोरी मिळते. तिचे एक टोक चालविणाऱ्याच्या मनगटास वा जॅकिटास अडकविलेले असले, तर तो पाण्यात पडताच इंजिन बंद पडते. ही दोरी न लावणाऱ्याची होडी त्याच्याभोवतीच घिरट्या घालते, आणि फिरता पंखा काय करतो हे सांगण्याचे प्रयोजन नाही. कोणी पाण्यात पडल्यास इंजिन आधी बंद, मग माणसास वर घेणे.

आकाशाविषयी. पूर्व विदर्भात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपार कलली की ढग दाटतात, आणि घटकाभरात वादळी वारा व विजा सुरू होतात. उघड्या पाण्यावरचा माणूस हा सभोवतालच्या सपाटीतील सर्वांत उंच पदार्थ असतो. त्यातून हातात काजळीधाग्याचा, म्हणजे कार्बनचा, लांब गळ असला तर विजेस आमंत्रणच. गडगडाट ऐकू आला की तत्क्षणी काठ गाठावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर परतू नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे फोनवरील साधन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते प्रत्येकाने फोनवर घेऊन ठेवावे. नदीवर आणखी एक भय असते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या धरणातून पाणी सुटू शकते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेस महापूर आला व गोंदिया-भंडाऱ्याची पुष्कळ गावे वेढली गेली. पावसाळ्यात नदीवर हौसेची होडी नेऊच नये. तो रोहू-कटल्यांच्या विणीचाही काळ आहे.

मद्याविषयी आमच्या वाचकांस उपदेश करण्याची गरज पडू नये. तरी एवढे सांगतो, की ज्या मंडळीत एकाच्याही खिशात बाटली आहे त्या मंडळीबरोबर होडीत पाऊल टाकू नये.

उलटल्यास

इतके करूनही होडी उलटली तर पहिला नियम असा, की होडी सोडू नये. लाकडाची होडी पाणी भरल्यावरही तरंगते, रबराची तरंगते, आणि फोम भरलेली फायबरचीही तरंगते. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावर अंतराचा अंदाज फसवा असतो. कित्येक पोहणारे बुडतात ते होडी सोडून काठाकडे निघाल्यामुळे. उलटलेल्या होडीस धरून राहावे, एकमेकांस हाका मारून मोजून घ्यावे, आणि शिटी वाजवावी. काठावरील माणसाने आवेशाने पाण्यात उडी घेऊ नये. घाबरलेला बुडता मनुष्य वाचविणाऱ्यास मिठी मारतो व दोघेही जातात. आधी बांबू पुढे करावा, तो न पोहोचल्यास दोर, धोतर वा साडी फेकावी, रिकामा बंद डबा फेकावा. वर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर पोट दाबण्यात वा उलटे टांगण्यात वेळ न दवडता तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब द्यावा. ही कृती वाचून येत नाही. एका दिवसाच्या शिकवणीत येते, आणि घरातील एकाने तरी ती शिकून घ्यावी.

होडीची निगा

निगा राखणे हे चालविण्याइतकेच महत्त्वाचे. लाकडी होडी उन्हात वाळली की फळ्या आकसतात व सांधे उघडतात. म्हणून हंगामापूर्वी सांध्यांत कापूस वा ताग ठोकून राळ-तेलाचा लेप द्यावा, आणि होडी काठाशी एक-दोन दिवस पाण्यात ठेवून फळ्या फुगू द्याव्या. गळती थांबल्याखेरीज बाहेर जाऊ नये. फायबरची होडी दगडावर ओढू नये. केसाएवढी चीर दिसली तरी आत पाणी मुरते, ती लगेच भरून घ्यावी.

रबरी होडीचा शत्रू आमच्याकडचे ऊन. सकाळी २५ अंशांत हवा भरलेली होडी दुपारी काठावर तशीच ठेविली आणि आतली हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर हवेचा एकूण दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. ऐकावयास हे थोडे वाटते. परंतु बाहेरच्या हवेचा दाब वजा केला असता शिवणीवर पडणारा ताण जवळजवळ दीडपट झालेला आढळतो. म्हणून पाण्याबाहेर काढताच थोडी हवा सोडावी, सावलीत ठेवावी, आणि घडी घालण्यापूर्वी पूर्ण वाळवावी; ओल्या घडीस बुरशी लागते व उंदीर तर टपलेलेच असतात. झडपांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे दर महिन्यास पाहावे. इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलेले वेल व गळाची तार प्रत्येक फेरीनंतर काढावी. ती आत शिरून तेलाचे वेष्टण कापते. उरलेले पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. बॅटरी बंद खोलीत, जेथे मुले निजतात तेथे, भारित करू नये.

परवानगी आणि माणुसकी

तलाव उघडा दिसला तरी तो कोणाचा नाही असे नसते. पुष्कळ तलावांतील मासेमारीचा हक्क ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. मत्स्यबीज त्यांनी आपल्या पैशाने सोडलेले असते. त्यांची अनुमती न घेता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे तोडण्यासारखे आहे. अभयारण्यातील पाण्यास वनखात्याचे निर्बंध आहेत. इंजिनाच्या होडीस २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होऊ शकतो. तेव्हा नोंदणीची चौकशी विकत घेण्यापूर्वीच करावी.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती. वरच्या अपघातांतील माणसे मूर्ख नव्हती. लहान होडीत एक माणूस अधिक बसतो तो बहुधा भिडेपोटी. मामा म्हणतात, “मी काय, कोपऱ्यात बसेन.” मेहुणी म्हणते, “मुलाला मांडीवर घेते.” घरधनी नाही म्हणावयास संकोचतो. होडी भाड्याची असली तर नावाडी तरी काय बोलणार? समोर मोठ्या घरची, शिकलेली माणसे. दिवसाची मजुरी त्यांच्याच हातात. त्याच्या मनात धाकधूक असते, पण तोंडून “बसा साहेब” एवढेच निघते. त्याचे मौन म्हणजे होकार, असे समजण्याचा आपणांस काय अधिकार? ज्याच्यापाशी विद्या आहे आणि ज्याचा शब्द मानला जातो, त्यानेच येथे पुढे होऊन म्हटले पाहिजे, “नावाडीदादा, किती माणसे न्यावी हे तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तेवढीच बसतील, आणि दोन फेऱ्यांचे पैसे आम्ही देऊ.” भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले, पाण्यावर ती त्याहून वाईट सोयरीक जोडते.

आमच्या माताभगिनींस आमची विनंती आहे, की मुलास पाण्यापासून तोडू नका. त्यास पोहावयास शिकवा, जॅकेट घेऊन द्या, आणि निघताना चार प्रश्न विचारा: किती जण, कोणाची होडी, जॅकिटे किती, आणि परत केव्हा? ह्या चार प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा मुलगा खुशाल जाऊ द्यावा. उत्तर देताना जो अडखळेल त्याची शिदोरी त्या दिवशी घरीच उघडावी, आणि त्याच्या रागाची पर्वा करू नये. राग दुसऱ्या दिवशी ओसरतो. तलाव कोठे जात नाही. वारा पडला, सोबती नीट जमले, की पुढच्या रविवारीही तो तेथेच असतो.